अर्धवट उभ्या इमारतीतले घर: ताबा घेण्याआधी काय पाहावे, कोणाला विचारावे

हा लेख तीन प्रकारच्या कुटुंबांसाठी आहे. ज्यांनी बहुमजली इमारतीत घर नोंदवले, पैसे भरले आणि नंतर काम थांबले, ती पहिली. अनेक वर्षे बंद पडलेली इमारत नवा बिल्डर पूर्ण करतो आहे आणि ज्यांना आता तिथे घर मिळणार आहे, ती दुसरी. अर्धवट इमारतीत नाइलाजाने आधीच राहायला गेलेली कुटुंबे तिसरी. पाटनमध्ये उंच इमारती नाहीत, पण पाटन तहसिलीतल्या अनेक घरांचा मुलगा किंवा मुलगी जबलपूर, भोपाळ, नागपूर किंवा पुण्याला आहे आणि मटाराच्या दोन-तीन हंगामांचे पैसे तिकडच्या फ्लॅटमध्ये गुंतलेले असतात. त्यामुळे प्रश्न शहरातला असला तरी त्याची झळ इथपर्यंत पोचते.

बंद पडलेल्या इमारतीची दोन कामे अडलेली असतात, एक कागदाचे आणि दुसरे अंगाचे. नवा बिल्डर आला, कर्ज मंजूर झाले, काम सुरू झाले, म्हणजे कागदाचे काम मार्गी लागले. पण चार-सहा पावसाळे उघड्यावर भिजलेला सांगाडा त्यामुळे आपोआप धडधाकट होत नाही. उलट सांगाडा ठणठणीत असूनही कायदेशीर जबाबदार कोणीच नसेल, तर पुढे गळती कोण दुरुस्त करणार? दोन्हींची तपासणी झाल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नये.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू

आपल्या भागातल्या मराठी कुटुंबांची एक वेगळीच अडचण असते. कायदा एकच, पण महाराष्ट्रातल्या नातेवाइकाने सांगितलेला शब्द जबलपूरच्या कार्यालयात चालत नाही. 2016 च्या केंद्रीय कायद्याला मराठीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम म्हणतात, हिंदी कागदांवर तोच भू-संपदा (विनियमन और विकास) अधिनियम म्हणून येतो. दोन्हीकडे बोलताना लोक ‘रेरा’च म्हणतात. महाराष्ट्रातली नोंदणी म्हणजे इथले पंजीयन. तिकडचे भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते इथल्या कागदात अधिभोग म्हणून दिसेल, आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला पूर्णता प्रमाण पत्र म्हणून. प्रवर्तक किंवा संप्रवर्तक म्हणजे बिल्डर. आवंटिती म्हणजे तुम्ही.

यातला भोगवटा प्रमाणपत्र हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. इमारत राहण्यायोग्य आहे, पाणी, मलनिस्सारण आणि वीज यांची सोय झाली आहे, असे स्थानिक संस्थेने दिलेले ते लेखी उत्तर असते. बिल्डरचे ‘पझेशन लेटर’ म्हणजे ओसी नव्हे. ते कितीही जाड कागदावर छापलेले असो.

काम थांबले, आता पुढे कोण करणार?

रेरा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्या दिवशी जे प्रकल्प चालू होते आणि ज्यांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता, त्यांनाही तीन महिन्यांत नोंदणी करणे बंधनकारक होते. म्हणून ‘ही इमारत जुनी आहे, तिला रेरा लागत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त घरे असली की नोंदणी लागते.

नोंदणीची मुदत संपली किंवा ती रद्द झाली, तर कलम 8 लागू होते. उरलेले काम कसे पूर्ण करायचे हे प्राधिकरण राज्य सरकारशी सल्लामसलत करून ठरवते. काम सक्षम शासकीय संस्थेकडे देता येते, घरधारकांच्या संघाकडे देता येते, किंवा आणखी काही मार्ग निघू शकतो. इथे एक हक्क फार जणांना माहीत नसतो. काम स्वतः हाती घेण्याची पहिली संधी घरधारकांच्या संघाला द्यावी लागते. संघाने नकार दिला तरच दुसऱ्याचा विचार. पण संघच स्थापन झालेला नसेल तर ही संधी घेणार कोण? निम्म्याहून जास्त घरे नोंदवली गेली की तीन महिन्यांच्या आत संघ स्थापन करण्याची जबाबदारी बिल्डरवर आहे. त्याने केला नाही तर तुम्ही एकत्र या. शंभर घरांमधले पाच जण शंभर वेळा कार्यालयात गेले, त्यापेक्षा शंभर सह्यांचा एक अर्ज जास्त वजनाचा असतो.

बिल्डरला प्रकल्पातले आपले बहुतांश हक्क दुसऱ्या बिल्डरला द्यायचे असतील, तर कलम 15 नुसार दोनतृतीयांश घरधारकांची लेखी संमती आणि प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. मंजूर नकाशात मोठा बदल करायलाही कलम 14 नुसार दोनतृतीयांश घरधारकांची संमती लागते. बंद इमारत पुन्हा सुरू करताना मजले वाढवून पैसा उभा करण्याचा मोह होतो, तेव्हा हे कलम आठवावे. ज्या पायाचा हिशेब आठ मजल्यांसाठी केला होता, त्यावर बारा चढवता येतील का, हे बैठकीत हात वर करून ठरत नाही.

महाराष्ट्रातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण गोरेगाव पश्चिमेच्या सिद्धार्थनगरचे, म्हणजे पत्राचाळीचे. तिथल्या 672 कुटुंबांच्या पुनर्विकासासाठी 2008 मध्ये म्हाडा, रहिवाशांची सोसायटी आणि विकासक यांच्यात करार झाला. लोकांनी घरे रिकामी केली, काम रखडले आणि पुढे भाडेही बंद झाले. 2018 मध्ये म्हाडाने विकासकाचा करार संपवला. 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने म्हाडानेच काम पूर्ण करावे असे ठरवले, फेब्रुवारी 2022 मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि 2025 मध्ये मूळ रहिवाशांना घरे मिळू लागली. शासकीय संस्था मध्ये पडली तर अडलेले काम पूर्ण होते, हे यातून दिसते. पण करारापासून किल्लीपर्यंत सतरा वर्षे गेली, हेही तितकेच खरे. त्या काळात घरातली शाळकरी मुले नोकरीला लागली आणि अनेक वृद्धांनी नवे घर पाहिलेच नाही.

नोएडा आणि ग्रेटर नोएडातल्या आम्रपालीच्या प्रकरणात मार्ग वेगळा होता. 23 जुलै 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची रेरा नोंदणी रद्द केली आणि अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. तिथे हजारो कुटुंबांचा प्रश्न होता.

तिसरा मार्ग पैशाचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2019 मध्ये ‘स्वामी’ निधी जाहीर केला. परवडणाऱ्या आणि मध्यम उत्पन्न गटाच्या अडलेल्या प्रकल्पांना शेवटचा टप्पा गाठण्यासाठी यातून पैसा मिळतो. या निधीतून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प मुंबईतल्या बोरिवलीचा, मे 2021 मध्ये. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आणखी एक लाख घरांसाठी 15,000 कोटी रुपयांचा दुसरा स्वामी निधी जाहीर झाला. लक्षात ठेवा, यात वैयक्तिक अर्ज नसतो. ‘स्वामीचा फॉर्म भरून देतो’ असे म्हणत कोणी तुमच्याकडे पैसे मागत असेल तर देऊ नका. प्रकल्प रेरात नोंदलेला हवा, घराचे चटई क्षेत्र 200 चौरस मीटरपर्यंत हवे, आणि पहिल्या निधीच्या अटींनुसार महानगरांबाहेर घराची किंमत एक कोटीच्या आत हवी.

बिल्डर दिवाळखोरीत गेला असेल तर गोष्ट आणखी वेगळी होते. 2018 पासून घर खरेदीदाराला बँकेसारखेच वित्तीय धनको मानले जाते. अशा वेळी वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. तिच्यातल्या मुदतीत आपला दावा ‘फॉर्म सीए’मध्ये दाखल करावाच. रेरात तक्रार केली आहे म्हणून इथे दावा नको, असे नसते.

उभा सांगाडा किती खरा?

आता अंगाकडे वळू. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतल्या लोखंडी सळयांना गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल वर्षानुवर्षे आत मुरत गेली की हा गुण बाहेरून आत कमी होत जातो. तो सळईपर्यंत संपला की गंज सुरू होतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते आणि आतून काँक्रीट फोडते. गिलावा केलेल्या, रंगवलेल्या इमारतीत याला बरीच वर्षे लागतात. उघड्या सांगाड्यावर ना गिलावा असतो ना रंग, त्यामुळे तिथे हे लवकर होते. वरच्या मजल्यावर कॉलमच्या डोक्यातून बाहेर आलेल्या सळया तर पहिल्या पावसापासूनच गंजत असतात. नवे काम याच सळयांना जोडून वर जाणार असते.

म्हणून काम पुन्हा सुरू होण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट झालेच पाहिजे. त्याच्या अहवालाची प्रत मागा आणि पुढच्या गोष्टी त्यात आहेत का ते पाहा. काँक्रीटवर हातोडीसारखे यंत्र आपटून पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतात, ती रिबाउंड हॅमर चाचणी. ध्वनिलहरी आरपार पाठवून आतल्या पोकळ्या आणि भेगा शोधतात, ती अल्ट्रासॉनिक चाचणी. पण फक्त या दोनच चाचण्यांवर अहवाल संपत असेल तर समाधान मानू नका. काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून प्रयोगशाळेत दाबून पाहणे, म्हणजे कोअर चाचणी, हीच ताकदीची खरी परीक्षा. आणि एक साधी, स्वस्त चाचणी: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे द्रावण फवारतात. जिथे गुलाबी रंग येतो तिथे काँक्रीट सळईला अजून सांभाळते आहे. जिथे रंग येत नाही तिथे संरक्षण संपले आहे. रंग न आलेला थर सळईपर्यंत पोचला आहे का, एवढे अभियंत्याला विचारा. हे बघायला पदवी लागत नाही.

अर्धवट इमारतीचा एक विचित्र फायदाही आहे. पूर्ण इमारतीत जे झाकलेले असते ते इथे उघडे दिसते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती आडव्या रिंगा असतात. भूकंपात कॉलम फुटू नये म्हणून आयएस 13920 या मानकानुसार रिंगांची टोके 135 अंशांत आत वळवायची असतात. टोके नुसतीच काटकोनात वाकवून सोडली असतील, तर फोटो काढा आणि ऑडिट करणाऱ्याला त्याबद्दल लेखी विचारा. जबलपूरकरांना हा प्रश्न परका नाही. 22 मे 1997 च्या रात्रीच्या भूकंपात या जिल्ह्याने सुमारे 40 माणसे गमावली. खाली फक्त खांब आणि पार्किंग, वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारतींची खास तपासणी व्हायला हवी, कारण हादऱ्यात सगळा ताण त्या उघड्या मजल्यावर येतो. उभ्या इमारतीच्या भूकंपविषयक तपासणीसाठी आयएस 15988 हे वेगळे मानक आहे. अहवालात त्याचा उल्लेख शोधा.

जमीन हा आपल्याकडचा खास विषय. पाटनची हवेली शेती ज्यांनी केली त्यांना काळी माती समजावून सांगायला नको. बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी धरतो, ते ओसरले की गहू पेरतो, आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगणारी आणि आकसणारी हीच माती पायाखाली असेल आणि खोदलेल्या खड्ड्यात वर्षानुवर्षे पाणी साचले असेल, तर मातीची तपासणी नव्याने करावी लागते. पहिल्या वेळच्या अहवालाची झेरॉक्स पुरत नाही.

दुरुस्ती होते का? बऱ्याचदा होते. सुटलेले काँक्रीट काढून, सळया घासून, गंजरोधक लेप देऊन, नवा थर चढवता येतो. कमजोर कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचे जाकीट करता येते. कधीकधी मात्र वरचे एक-दोन मजले उतरवणे किंवा सगळेच पाडणे शहाणपणाचे ठरते. ऑडिटमध्ये तसे निघाले तर रागावू नका. तो अहवाल लपवून वर टाइल्स बसवणारा बिल्डर जास्त धोक्याचा.

हवा, उजेड, पाणी

इमारत पडणार नाही, एवढ्याने ती राहण्याजोगी होत नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटरचे. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही, आणि क्षयरोगाचे प्रमाण मोकळ्या मांडणीच्या पीएमजी कॉलनीपेक्षा पुष्कळ जास्त आढळले. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसांना पक्क्या भिंतींनी असे आजारी पाडले. अर्धवट इमारतीत भिंती अजून बांधायच्या असतात, म्हणजे चूक सुधारण्याची संधी शिल्लक असते. ती गेली की हवेचा डक्ट रुंद करता येत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली किमान 9.5 चौरस मीटरची, 2.4 मीटर रुंदीची आणि 2.75 मीटर उंचीची हवी. खिडक्या उघडणारा भाग कोरड्या-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याइतका, दमट-उष्ण हवामानात सहाव्या हिश्श्याइतका हवा. 9.5 चौरस मीटरच्या खोलीला कोरड्या भागात जवळपास एक चौरस मीटर उघडी खिडकी, असा हिशेब करून टेप घेऊन जा. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, तो निम्माच धरा. बाथरूमची खिडकी बाहेरच्या हवेत उघडते की बंद बोळात, हेही पाहा.

ओलीची परीक्षा ऑगस्टमध्ये. भिंतीवर पांढरी खार, रंगाचे पोपडे, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली तर ताबा घेण्याआधी लेखी हरकत नोंदवा. घरात दम्याचे माणूस असेल तर ही बाब किरकोळ समजू नये. बाथरूमच्या फरशीवर बोटभर पाणी दिवस-दोन दिवस साठवून खालच्या घराचे छत तपासायला सांगा. दुरुस्ती आत्ता त्यांच्या खर्चाने होते, नंतर तुमच्या.

बंद इमारतीत माणसे नसली तरी वस्ती असते. कबुतरांची वाळलेली विष्ठा झाडली की तिची धूळ फुफ्फुसात जाते आणि गंभीर आजार होऊ शकतो. आधी पाणी मारून ती भिजवावी, तोंडाला मास्क लावावा, मगच काढावी. लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात आणि झाकण नसलेल्या टाक्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात अंड्यापासून उडण्यापर्यंत पोचतो. शेजारच्या वस्तीलाही त्याचा त्रास होतो. त्यामुळे इमारत बंद असतानाही नगर निगम किंवा नगर परिषदेकडे तक्रार करता येते, तुमचे तिथे घर असो वा नसो.

आधीच राहायला गेला असाल तर

व्हेनेझुएलाच्या काराकास शहरात 45 मजल्यांचा एक मनोरा 1990 च्या दशकात बँका बुडाल्यावर अर्धवट राहिला. 2007 पासून बेघर कुटुंबे त्यात शिरली आणि लिफ्ट नसताना 28 व्या मजल्यापर्यंत संसार थाटले. पाणी वर चढवण्याची, वीज वाटून घेण्याची, जिने झाडण्याची व्यवस्था त्यांनी स्वतः उभी केली. कौतुकाची गोष्ट आहे. पण कठडे नसलेल्या कडांवरून माणसे पडली, आणि 2014 मध्ये सरकारने सर्वांना बाहेर हलवायला सुरुवात केली. हे उदाहरण अनुकरणासाठी नाही. नाइलाज असेल तर कोणती कामे आधी करावी लागतात, एवढ्यापुरतेच ते आहे.

कठडे पहिले. जिना, गॅलरी, लिफ्टचे तोंड, डक्टचे भोक, जिथून मूल पडू शकते ती प्रत्येक जागा आजच बंद करा. नंतर विजेचे. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवर वीस घरे चालवणे हे आगीला आमंत्रण. जिन्यात सिलिंडर, लाकूड, सायकली ठेवू नका, धूर भरल्यावर बाहेर पडायला तोच रस्ता असतो. पिण्याचे पाणी बांधकामाच्या टाकीतून घेऊ नका. आणि ओसी नसताना राहिल्याने आपला रेराचा दावा संपला असे समजू नका. पण बिल्डरने ‘माझी काही तक्रार नाही’ असा मजकूर पुढे केला तर सही करू नका.

पैसे, योजना आणि तक्रार

1 सप्टेंबर 2024 पासून प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 सुरू आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत दुर्बल घटक, सहा लाखांपर्यंत अल्प आणि नऊ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट धरला जातो. कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे आणि मागच्या 20 वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. व्याज अनुदानाच्या घटकात 35 लाखांपर्यंत किमतीच्या घरासाठी 25 लाखांपर्यंतच्या कर्जावर, पहिल्या आठ लाखांना 12 वर्षांपर्यंत 4 टक्के अनुदान मिळते. एकूण जास्तीत जास्त 1.80 लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. अनुदान मिळते म्हणून इमारत तपासलेली आहे असा अर्थ होत नाही.

वेळेवर ताबा न मिळाल्यास कलम 18 नुसार दोनपैकी एक मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह सगळे पैसे परत, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज. कोणते मागायचे हे तुम्ही ठरवायचे, बिल्डरने नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची असते, म्हणून ताब्याच्या तारखेचा कागद नीट जपा. मध्य प्रदेशातली तक्रार भोपाळच्या भू-संपदा विनियामक प्राधिकरणाकडे ऑनलाइन करता येते, महाराष्ट्रातल्या घराची महारेराकडे. घर जिथे आहे ते राज्य पाहायचे, तुम्ही राहता ते नाही. आदेश होऊनही पैसे मिळाले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येतात, आणि त्यासाठी प्रकरण जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते. तिथे पाठपुरावा स्वतः करावा लागतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर अनेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जाताना करारनामा, पैसे भरल्याच्या सर्व पावत्या, बँकेचा उतारा, रेरा नोंदणी क्रमांक आणि इमारतीचे तारखेसह फोटो न्यावेत. पावती हिंदीत आणि करार इंग्रजीत असेल तरी चालते, भाषांतर करून घेण्यासाठी थांबू नका.